वाळूच्या पोटातलं पाणी

प्रिय मुथेंगी,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. अर्ध्यातच हसतोस, नाहीतर तुझ्या मागे बंदरावरचा भोंगा वाजतो आणि ‘कावुथा, मग बोलू’ म्हणून ठेवून देतोस. म्हणून कागद घेतला. कागदाला कुणी मध्येच तोडत नाही. चहा घेऊन निवांत बस आणि ओळीने वाच. एकदम शेवटावर उडी मारू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे.

आधी घरचं सांगते. तूर काढून झाली. या वेळी शेंगा इतक्या लागल्या की झाडं वाकून एकमेकांच्या गळ्यात पडली होती. तुझी आई अंगणात बसून तुरी बडवते आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून मूठभर ओल्या शेंगा खायला लावते. तिचा गुडघा दुखतो, तोंड मात्र ठणठणीत आहे. आपली मुम्बुआ उंच झालीय, दारातून आत येताना आता डोकं वाकवते, अगदी तुझ्यासारखी. धाकट्या किओकोचे पुढचे दात पडलेत. तो ‘सुकुमा’ म्हणायला गेला की शिट्टी वाजते आणि मग आम्ही त्याला मुद्दाम विचारतो, आज कसली भाजी खाणार? नदीकाठच्या आंब्याला पहिल्यांदा फळं धरली आहेत. कच्चीच आहेत, पण माकडांना त्याचं काही नाही. आई गोफण घेऊन बसते आणि माकडांना तुझ्या वडिलांच्या नावाने शिव्या देते. म्हणते, तेही असेच कच्चे आंबे पळवायचे.

तू मोंबासाला निघालास ते वर्ष आठवलं की अजून माझं तोंड कोरडं पडतं. वर्षाअखेरचा धाकटा पाऊस आलाच नाही, मार्चातला थोरला येऊन आठवडाभरात निघून गेला. मका गुडघ्याएवढा होऊन वाळला. शेवटची गाय बसली ती उठली नाही. तू तिच्या डोक्याशी बसून राहिलास, मी किती हाका मारल्या तरी वळून पाहिलं नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीस. आई म्हणाली, ‘जाऊ दे त्याला. इथे राहून हा पण बसेल.’ मग तुला बंदरावर काम लागलं. जहाजातून धान्याची पोती उतरवायची. त्यातलीच पोती ट्रकमधून आपल्याकडे यायची, शाळेच्या पटांगणात, आणि आम्ही ऊन चढायच्या आधी रांगेत जाऊन बसायचो. तुला हे कधी सांगितलं नाही, पण मक्याचं पोतं घरी आलं की आई ते नाकाला लावायची. म्हणायची, ‘याला माझ्या पोराच्या घामाचा वास येतोय.’ मी म्हणायचे, ‘आई, हे पोतं सात समुद्रांपलीकडून आलंय.’ ती म्हणायची, ‘मग काय झालं? शेवटचा खांदा तर त्याचाच ना?’

वायुआने भिंतीची गोष्ट काढली ती त्या रांगेत. तुला वायुआ माहीत आहे, आमच्या बायकांच्या गटाची पुढारीण, दुष्काळात जन्मली म्हणून जिचं नावच दुष्काळावरून ठेवलं ती. ती माकुएनीला बहिणीकडे जाऊन आली होती. रांगेत माझ्यापुढे उकिडवी बसून ती जमिनीवर काडीने काहीतरी काढायला लागली. म्हणाली, ‘ही नदी. ही आडवी भिंत. पूर आला की भिंतीमागे वाळू साठते. वाळूत पाणी मुरतं. वरून ऊन लागत नाही, म्हणून आटत नाही.’ मी म्हटलं, ‘वायुआ, भुकेने तुझं डोकं फिरलंय.’ ती म्हणाली, ‘फिरलंय खरं. पण माझ्या बहिणीने मला त्या वाळूतलं पाणी पाजलं, ते तर फिरलेलं नव्हतं.’

त्या नाताळात तू घरी आला होतास. आम्ही कायुकीच्या कोरड्या पात्रात दोऱ्या लावून भिंतीची जागा आखत होतो. तू काठावर उभा राहून हसलास. ‘पाणीच नसलेल्या नदीला कुलूप लावताय!’ सगळे पुरुष हसले. मीही हसले, खरं सांगायचं तर. आपली कायुकी वर्षातून थोडे दिवस नदी असते. बाकी सगळं वर्ष ती बकऱ्यांची वाट. तिला आडवी भिंत घालायची म्हणजे म्हाताऱ्या बैलाला वेसण घालण्यासारखं वाटायचं.

तू परत गेलास आणि काम सुरू झालं. सिमेंट आणि सळ्या एका संस्थेने दिल्या, किमांझी गवंडी पाठवला. दगड, वाळू, खडी आणि पाणी आमचं. पाणी! तिथेच सगळं अडत होतं. पाण्यासाठी बांधायच्या भिंतीलाच आधी पाणी लागत होतं. टेकडीपलीकडच्या झऱ्यावरून आम्ही पाठीवर कॅन बांधून आणायचो, पट्टा कपाळावर इतका रुतायचा की तिथले केस गळले, अजून नीट आले नाहीत. आणि ते पाणी घरी न नेता सिमेंटमध्ये ओतायचं. किओको तेव्हा कडेवर होता. एकदा त्याने त्या ओतल्या जाणाऱ्या पाण्याकडे हात केला आणि माझा हात तसाच थांबला. वायुआने पाहिलं. तिने माझ्या हातातला कॅन घेतला, किओकोला दोन घोट पाजले आणि उरलेलं स्वतः ओतलं.

आई सुरुवातीला आगपाखड करत होती. ‘सून घर टाकून दगड वाहते, लोक काय म्हणतील? पोरगा तिकडे पोती उचलतो, बायको इकडे धोंडे उचलते, या घराला काय हमालीचा शाप आहे?’ एके दिवशी मला ओढून घरी न्यायला ती स्वतः नदीत उतरली. उतरल्यावर दमली, म्हणून एका खडकावर बसली. बसल्यावर हाताला काम हवं, म्हणून बाजूला पडलेला हातोडा उचलला आणि खडी फोडायला लागली. संध्याकाळ झाली तरी उठेना. किमांझी म्हणाला, ‘आजी, तुमची खडी सगळ्यांत एकसारखी पडते.’ ती म्हणाली, ‘खडी कोण फोडतंय? मी माझ्या मेलेल्या गाईंचा राग काढतेय.’ दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या आधी नदीवर हजर. तिचा राग बराच मोठा होता, मुथेंगी. भिंतीच्या पोटातली निम्मी खडी त्या रागाची आहे.

खाली खडक लागेपर्यंत चर खणला, त्यात सळ्या उभ्या केल्या, फळ्या ठोकल्या, आणि भिंत वर येत गेली. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, माणसाच्या डोक्याहून उंच. मी रोज तिच्यातच असायचे, म्हणून ती मला कधी दिसलीच नाही. फळ्या काढल्या त्या दिवशी मी वरच्या गोरखचिंचेपाशी जाऊन पहिल्यांदा लांबून पाहिली, आणि मला धडकी भरली. हे आम्ही केलं? ज्या हातांनी भाकरीपुरतं पीठ मळायला मिळत नव्हतं, त्या हातांनी? शेजारी वायुआ उभी होती. मी तिला विचारलं, ‘पडेल का गं?’ ती म्हणाली, ‘आता ते नदीला विचारायचं.’

नदीने लवकरच उत्तर दिलं. नोव्हेंबरातली दुपार होती. आपल्यावर आभाळ स्वच्छ, कडक ऊन. दूर वर डोंगराकडे मात्र काळं पडलं होतं. आई गाढव घेऊन पात्रात उतरली होती, उरलेल्या फळ्या गोळा करायला. मला आधी पक्षी गप्प झालेले कळले. मग पायाखाली काहीतरी थरथरलं, मोठा ट्रक येतो तेव्हा घराची भिंत थरथरते ना, तसं. किमांझी काठावरून ओरडला, ‘बाहेर! बाहेर पडा!’ मी धावले. आई फळ्या सोडायला तयार नाही. ‘चांगल्या आहेत गं, कोंबड्यांचं खुराडं होईल!’ गाढवाला तिच्यापेक्षा जास्त अक्कल. ते फळ्यांसकट उधळून काठ चढून गेलं. मी तिला काखेत हात घालून ओढलं. आम्ही दोघी काठावर पालथ्या पडलो आणि मागे वळून पाहिलं.

ते पाणी वाटत नव्हतं. तपकिरी, उंच, फेसाळलेलं काहीतरी वळणावरून चालत आलं. त्याच्यापुढे मुळांसकट बाभळी गडगडत होत्या, एक मेलेली बकरी होती, कुणाच्या तरी घराचं छप्पर होतं. आवाज इतका की आई माझ्या कानाशी ओरडत होती आणि मला फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते. ते भिंतीवर आदळलं. मला आतून, छातीच्या हाडात, तो धक्का बसला. मग पाणी चढत गेलं, चढत गेलं आणि भिंतीवरून पलीकडे पडायला लागलं. भिंत दिसेनाशी झाली. वर्षभराचे दगड, पाणी, आमच्या पाठी, सगळं त्या तपकिरी पाण्याखाली. सगळ्या बायका काठावर जमल्या होत्या, पण एकही रडत नव्हती. काही गोष्टी इतक्या मोठ्या असतात की माणूस आपल्या नुकसानीचासुद्धा विचार करत नाही, नुसतं बघत राहतो. आपली कायुकी, बकऱ्यांची वाट, ती अशी असते हे मी जन्मभर तिच्या काठी राहून कधी नीट पाहिलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं तसं पाणी उतरलं. आधी पाण्यावर एक सरळ रेघ दिसली. मग रेघेखाली दगड. मग सगळी भिंत, ओली, चकचकीत, जशी होती तशी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वायुआ हळूहळू खाली उतरली, भिंतीवर तळहात ठेवून उभी राहिली, जशी आपण तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतो. मग एकेक करून आम्ही सगळ्यांनी ठेवला. दगड आतून अजून थरथरत असल्यासारखे वाटत होते.

आणि नंतर काय झालं ते तुला मी कधी सांगितलं नाही, कारण तू हसला असतास. पुराने भिंतीमागे पाणी ठेवलंच नाही. थोडं डबकं साचलं, तेही आटलं. राहिली ती वाळू. पुढच्या पावसात आणखी वाळू आली, भिंतीच्या माथ्यापर्यंत. काठावर बसणाऱ्या पुरुषांना तर मेजवानीच मिळाली. ‘काय गं, यंदा वाळू पेरणार की मळून खाणार?’ वायुआ म्हणायची, वाळूच हवी होती, थांबा. किमांझीनेही जाताना हेच सांगितलं होतं. पण कानांनी ऐकलेलं पोटाला पटत नाही. मी रात्री पाठीवर झोपू शकायचे नाही, कॅनने सोललेली होती, आणि मनात यायचं, हे सगळं आपण वाळूचं ताट वाढायला केलं.

कोरडा हंगाम आला. टेकडीपलीकडचा झरा चिखल झाला. तेव्हा आई एका दुपारी कुदळ घेऊन नदीत गेली. मी मागे गेले, तिला परत आणायला. वाळू वरून तव्यासारखी तापलेली. ती बसली आणि कुदळ बाजूला टाकून हातांनी, कुत्रं उकरतं तशी उकरायला लागली. कोपरापर्यंत हात गेला आणि थांबली. म्हणाली, ‘गार लागतंय.’ मीही हात घातला. गार होतं, मुथेंगी. वाळू ओली होती. आम्ही दोघी वेड्यासारख्या उकरत सुटलो. खड्ड्याच्या तळाशी वाळू काळी झाली, मग चमकली, आणि मग बाजूंनी, सगळीकडून, कुणीतरी आतून हळूच दार उघडावं तसं पाणी आलं. आवाज न करता. आधी गढूळ, मग मी पाहता पाहता निवळ, इतकं निवळ की तळाचे बारीक खडे दिसले. आभाळाचा एक तुकडा त्यात येऊन बसला.

आईने ओंजळ भरली आणि तोंडाशी नेली. प्यायली. पुन्हा भरली आणि मला पाजली. मला वाटलं ती आता देवाचं नाव घेईल, नाहीतर रडेल. ती म्हणाली, ‘एवढी वर्षं आम्ही याच्यावरून चालत होतो.’ एवढंच. मग मोठ्याने हाक मारली, ‘वायुआऽऽ! ये गं, तुझं डोकं फिरलेलं नव्हतं!’

त्यानंतरचं तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. झिऱ्याभोवती काटेरी कुंपण घातलं, मग हातपंप बसला. पाणी घरापाशी आलं तशी पाठ मोकळी झाली आणि पाठ मोकळी झाली तशी शेताकडे लक्ष गेलं. उतारावर आम्ही ताली घातल्या, माती वरच्या अंगाला टाकत टाकत, म्हणजे पाऊस पडला की पळून जायच्या आधी त्याला जरा बसावं लागेल. बांधांवर गवत लावलं. वाळूच्या कडेला सुकुमा, टोमॅटो, कांदे. पण मला सगळ्यांत नवल वाटलं ते आम्ही न केलेल्या गोष्टींचं. भिंतीच्या वरच्या अंगाला, जिथे आम्ही एक बी टाकलं नव्हतं, तिथे काठावर उंबर उगवले. बेडूक आले. कुठून आले? इतकी वर्षं ते कुठे बसून होते? शेजारच्या किलोंझोची विहीर, जी त्याने दगड टाकून बुजवायला घेतली होती, तिच्यात पाणी चढलं. तो धावत आला आणि विचारायला लागला, तुम्ही माझ्या विहिरीला काय केलंत? आम्ही एक भिंत बांधली होती. जमिनीने त्याचा केवढा अर्थ काढला बघ.

मग गेल्या वर्षीचा दुष्काळ. दोन्ही पाऊस नाहीत, तू गेलास त्या वर्षासारखेच. मी दर सकाळी भीत भीत पंपाचा दांडा हलवायचे. पाणी खाली गेलं, पण आटलं नाही. मका गेला, तूर आणि ज्वारी उभी राहिली, भाजी एक दिवस चुकली नाही. आणि ही बातमी वाऱ्याने नेली. एका दुपारी पूर्वेकडून धूळ उठली आणि ताना नदीकडचे ओर्मा गुराखी आले, पाच-सहा कुटुंबं, आणि त्यांची गुरं. गुरं कसली, शिंगं आणि बरगड्या. वासरं हंबरत नव्हती, तेवढीही ताकद नव्हती. गुरांना वाळूखालच्या पाण्याचा वास लागला आणि ती सरळ नदीकडे वळली, कुणाच्या आवरण्याने आवरेनात.

तुला माहीत आहे, त्यांच्यात आणि आपल्यात कुरणापाण्यावरून आधी काय काय झालंय. आपली माणसं कोयते आणि धनुष्यं घेऊन काठावर आली. समोर त्यांचे तरुण काठ्या घेऊन. किलोंझो ओरडत होता, ‘एक जनावर वाळूत उतरलं तर सगळं पाणी शेणाचं होईल! आमच्या बायकांनी पाठी सोलल्या त्या काय तुमच्या गाईंसाठी?’ मीसुद्धा तेच म्हणत होते, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पाणी किती उरलंय कुणाला ठाऊक होतं? किओको तापाने घरात झोपला होता. मी पंपापुढे हात पसरून उभी राहिले.

त्यांच्यातली एक बाई पुढे आली. उंच, काळी ओढणी, नाव दहाबो, ते नंतर कळलं. तिने आमच्याकडे पाहिलंच नाही. तिची गाय कुंपणापाशी येऊन गुडघ्यांवर बसली होती. दहाबो तिच्या डोक्याशी बसली आणि तिच्या कपाळावर हात ठेवून राहिली. तिच्या माणसांनी हाका मारल्या, तिने वळून पाहिलं नाही.

मी तुझ्या आईकडे पाहिलं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती लंगडत किलोंझोच्या कोयत्यापुढून चालत गेली, जणू तो हातात मुळा धरून उभा आहे, पंपाखाली बादली भरली आणि नेऊन त्या गाईच्या तोंडाशी ठेवली. मग आपल्या माणसांकडे वळून म्हणाली, ‘वाळूत जनावर उतरणार नाही. भिंतीच्या खालच्या अंगाला नळ काढलाय, त्याला हौद बांधा, तिथे पितील. आणि आत्ता बांधा, नुसते कोयते धरून हात दुखतील.’ किलोंझो म्हणाला, ‘आणि पाणी संपलं तर, आजी?’ ती म्हणाली, ‘तर आपण सगळे मिळून तहानलेले राहू. पण हिची गाय माझ्या दारात मेली तर मला पाणी गोड लागणार नाही.’

ती गाय उठली, मुथेंगी. लगेच नाही, तिसऱ्या बादलीनंतर. आधी मागचे पाय, मग पुढचे, आणि काठावरची सगळी माणसं, कोयतेवाली आणि काठ्यांवाली, एकाच श्वासाने ‘हंऽऽ’ म्हणाली. त्यानंतर भांडायला कुणाला जोर राहिला नाही. त्याच काठ्यांवाल्या पोरांनी हौदाचे दगड वाहिले. ती माणसं पावसापर्यंत राहिली, खालच्या अंगाला. शेणखत आमच्या तालींना मिळालं, दूध मुलांना. आणि पाणी पुरलं. कसं पुरलं हे मला आजही कळत नाही. मी रोज मोजपट्टीसारखी काठी घालून बघायचे आणि रोज मनात म्हणायचे, आज संपेल. वाळू इतकी शांत असते, आणि पोटात केवढं घेऊन बसते.

त्याच दुष्काळात मदतीचा ट्रक पुन्हा शाळेच्या पटांगणात येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. कुणी रांगेत बसलं नाही. वायुआ खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, ‘दादा, आमच्याकडे या खेपेला आहे. हे तानाकडे घेऊन जा, तिथे काहीच नाही.’ आणि ट्रक भरलेलाच पुढे गेला. धूळ बसेपर्यंत आम्ही सगळ्या बघत होतो. आपल्या गावातून भरलेला ट्रक पुढे जाताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. त्या संध्याकाळी मी तुला फोन करून हे सांगितलं, आनंदाने ओरडूनच सांगितलं असेल. तू म्हणालास, ‘मग मी इथे पोती कुणासाठी वाहतोय?’ आणि हसलास. पण ते तुझं नेहमीचं हसू नव्हतं. त्यानंतरच्या नाताळात तू आला नाहीस, सुट्टी नाही म्हणालास. आईने तुझ्या वाटचा भात झाकून ठेवला आणि मला म्हणाली, ‘त्याला वाटतंय, आपण त्याच्यावाचून भरलो.’ तेव्हापासून मला हे लिहायचं होतं. तुझ्या पोत्यांनी आम्ही ती वर्षं तगलो म्हणून आमच्या हातात दगड उचलायची ताकद होती. भिंतीत तुझा खांदाही आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मला वाटलं तुला ते कळलं असेल.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. गेल्या आठवड्यात दहाबो आली, बरोबर त्यांच्यातले जाणते लोक होते. त्यांच्याकडेही एक कोरडी नदी आहे, आपल्यासारखीच भरड वाळू आहे, खाली खडक आहे, सगळं आहे. भिंत नाही आणि ती कशी बांधायची हे माहीत असलेलं कुणी नाही. सिमेंट मिळतंय, किमांझी यायला तयार आहे. पण तिथल्या बायकांना वाळूवर विश्वास ठेवायला शिकवायला बाईच हवी, असं दहाबो म्हणाली. वायुआचं वय झालं. गटाने माझं नाव घेतलं, आणि मी हो म्हणाले, तुला न विचारता. मी पूर्ण कोरडा हंगाम तिकडे असेन. आई पण येते म्हणते. खडी दुसऱ्या कुणाला नीट फोडता येत नाही, असं तिचं म्हणणं आहे, तिला अडवून बघायचं असेल तर तू बघ. म्हणजे घरात मुम्बुआ आणि किओको राहतील, आणि तू. घरी ये, मुथेंगी. रागाने येऊ नकोस, आणि आम्हाला खायला घालायलाही येऊ नकोस. सकाळी भाजीला पाणी दे, मुलांना शाळेत पाठव, माकडं हाकल, आणि संध्याकाळी दारात बसून पूर्वेकडच्या रस्त्यावर माझी वाट बघ. सोपं नसतं ते. मी इतकी वर्षं केलंय. पण जमतं.

तुझीच,
कावुथा